खड्डा मोजा, डंपर काय मोजता!

पायाच्या खोदाईचं बिल डंपरच्या खेपांवर लावणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला आणि ते बिल मुकाट्याने पास करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला एकच विचारायचंय. ड्रॉइंग मग कशासाठी काढलं होतं? पानभर मापं लिहिलेली असतात, लाइनआउट झालेलं असतं, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. तरी बिलात काय येतं? 'माती वाहतूक, इतक्या खेपा, इतके ब्रास.' लांबी नाही, रुंदी नाही, खोली नाही. मालक विचारतो तेव्हा उत्तर ठरलेलं: "काका, जमिनीखालचं काम आहे, थोडं मागेपुढे होणारच."

थोडं? मांडूनच बघू.

चोवीस फुटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकांची, साधी इमारत घ्या. फुटिंग १.८ बाय १.८ मीटर. खालची पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा बेड, चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर बाहेर, म्हणजे खड्डा २.१ बाय २.१. खोली १.८ मीटर. एका खड्ड्याचे ७.९४ घनमीटर, चोवीस खड्ड्यांचे १९०.५ घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. खोदाई झाली ६७ ब्रास. हे मापाचं काम, आणि पैसे याचेच द्यायचे.

जेसीबीवाला चुन्याच्या रेघेवर थांबत नाही. बकेट रुंद, कडा ढासळतात, चालकाला घाई असते, आणि शेजारी टेप घेऊन कोणी उभं नसतं. खड्डा होतो २.७ बाय २.७. चोवीस खड्ड्यांचे झाले ३१५ घनमीटर. ही माती सुटली की फुगते. साधी माती आणि मुरूम साधारण २० ते ३० टक्के फुगतो, फोडलेला खडक ५० टक्क्यांच्याही वर जातो. २५ टक्के धरा. डंपरमध्ये भरली गेली ३९४ घनमीटर, म्हणजे १३९ ब्रास. ६७ ब्रासच्या कामाला १३९ ब्रासचं बिल! कोणी खोटी खेप लिहिली नाही, कोणी पावती बनवली नाही, तरी दुपटीपेक्षा जास्त. वर एखादी खोटी खेप घुसवली तर ती वेगळी.

फुटिंगच्या सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीटच्या साच्याला, जागा लागते, हे शंभर टक्के मान्य. मिस्त्री १५ सेंटिमीटरच्या फटीत बसून प्लेटा लावू शकत नाही. पण लागते तर किती लागते ते टेंडरमध्ये, नाहीतर कोटेशनमध्ये आधी लिहा. एका बाजूला ३० सेंटिमीटर ठरलं तर ३० चे पैसे द्या. काम झाल्यावर 'जागा लागतेच ना' म्हणत मनाला येईल ती रुंदी लावायची, हे चालणार नाही. आणि खोली जास्त गेली तर? सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट आहे की जादा खोली कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने बेडच्याच काँक्रीटने भरायची. इथे उलटं चालतं. जादा खोदलेल्याचे पैसे घेतात, खाली सुटी माती ढकलून लेव्हल करतात आणि त्या भुसभुशीत मातीवर पीसीसी ओततात. म्हणजे पैसेही गेले आणि फुटिंग उद्या खचायची सोयही झाली.

खरा संताप येतो तो पुढच्या हिशोबावर. खड्ड्यातून निघालेली सगळी माती बाहेर का जाते? पीसीसी १०० मिलिमीटर, ०.४४ घनमीटर. फुटिंग १.३१ (ते कसं, पुढे येतंच). वरचा ३०० बाय ३०० चा कॉलम जमिनीपर्यंत ०.१०. एका खड्ड्यात काँक्रीटने अडवलेली जागा झाली १.८५ घनमीटर. उरलेले ६.०९ घनमीटर परत त्याच खड्ड्यात भरायचे असतात. चोवीस खड्ड्यांत बाहेर जायची माती जागेवरच्या मापाने फक्त ४४ घनमीटर, फुगवून धरली तरी २० ब्रासच्या आत. पण साइटवर काय होतं? माती ठेवायला जागा नाही म्हणून सगळीच्या सगळी डंपरने बाहेर जाते, बाहेर नेल्याचं बिल लागतं. आठवड्याने खड्डे भरायला मुरूम 'विकत' येतो, त्याचं बिल लागतं. कधी कधी तर त्याच प्लॉटवरून गेलेला मुरूम परत येतो. शिवाय भराईची मजुरी. एकाच खड्ड्याचे तीनदा पैसे, आणि मालकाला वाटतं पाया मजबूत झाला.

निघालेली काळी माती असेल तर ती परत वापरायची नाही, हे बरोबर. फुगते, आकसते, जोत्याची फरशी उचलते. पण मग पहिल्या खड्ड्यालाच काळी माती किती आणि मुरूम किती हे वेगळं मोजा. मुरूम बाजूला ढीग लावून ठेवा. प्लॉट अगदी भिंतीला भिंत लागलेला असेल तर समजू शकतो. मोकळ्या प्लॉटवर कसलं आलं कारण!

डंपरच्या 'ब्रास'वर तर बोलायलाच नको असं लोक म्हणतात. मी बोलणार. बॉडी १४ फूट लांब, ७ रुंद, २ उंच असेल तर ती १९६ घनफूट, म्हणजे दोन ब्रासला थोडी कमी. माल फाळक्यापासून सहा इंच खाली असेल तर तीच बॉडी १४७ घनफूट, दीड ब्रासही नाही. पावतीवर लिहिलेलं असतं '२ ब्रास'. मुरूम, खडी, वाळू यांची खेप आली की टेप लावून आतली लांबी-रुंदी घ्या, माल सपाट करायला लावून चार कोपऱ्यांत आणि मध्ये उंची घ्या, सरासरी काढा. पाच मिनिटांचं काम. गौण खनिजाच्या वाहतूक पासवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळतो का तेही बघा.

मूळ जमिनीची लेव्हल हा दुसरा घोळ. जेसीबी आला की आधी प्लॉट 'साफ' करतो, वरचे १५ सेंटिमीटर काढून टाकतो, त्याचे पैसे साफसफाईत घेतो. मग खड्ड्याची खोली मोजताना ती जुन्या जमिनीपासून धरतो. २.१ बाय २.१ च्या चोवीस खड्ड्यांवर ते १५ सेंटिमीटर म्हणजे १६ घनमीटर, दोनदा दिलेले. प्लॉट उताराचा असेल तर विचारूच नका. ज्या कोपऱ्यात जमीन सर्वांत उंच, तिथली खोली सगळ्या खड्ड्यांना लावली जाते. एक झुडूप उपटण्याआधी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) लावा, शेजारच्या पक्क्या ओट्यावर बेंचमार्क, म्हणजे उंचीची कायमची खूण, करा, पाच-पाच मीटरवर लेव्हल घ्या आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. जमीन एकदा उकरली की ही माहिती जगात कुठेही मिळत नाही.

आणि मग खडक. आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट, वर काळी माती, मध्ये मुरूम, खाली पाषाण. १.८ मीटरच्या खड्ड्यात ०.६ माती, ०.७ मुरूम आणि ०.५ कठीण खडक लागला, तर खडकाचे पैसे २.१ × २.१ × ०.५, म्हणजे २.२ घनमीटरचे. बिलात मात्र अख्खे ७.९४ घनमीटर 'कठीण खडक' म्हणून येतात आणि वर ब्रेकरचे, म्हणजे खडक फोडायच्या यंत्राचे, तास वेगळे! घनमीटरने द्यायचं की तासाने, एक काय ते ठरवा. दोन्ही घेणं म्हणजे सरळ लूट. थरांच्या सीमा नीट दिसत नसतील तर मापाची पद्धत ठरलेली आहे. फोडलेला दगड वेगळा रचून ढीग मोजायचा आणि पोकळीसाठी ५० टक्के वजा करायचे. एकूण खड्ड्यातून खडक वजा केला की उरली ती माती. ढीग ४.४ घनमीटर भरला तर खडक २.२. ढीग रचायचा कंटाळा असेल तर खडकाचा दर मागू नका.

लिफ्टचंही, म्हणजे खोलीच्या टप्प्यांचंही, तसंच. पहिली लिफ्ट दीड मीटरपर्यंत, पुढची त्याखालच्या भागाला. १.८ च्या खड्ड्यात वाढीव दर फक्त खालच्या ०.३ मीटरला लागतो. संपूर्ण खड्ड्याला लावलेला दिसला की त्या इंजिनिअरला बोलवा आणि समोर बसवून विचारा.

आता फुटिंगचं काँक्रीट. आपल्याकडे उतरती फुटिंग सर्रास. तळ १.८ बाय १.८, त्याची सरळ जाडी २५० मिलिमीटर, वर ३५० चा उतार आणि माथा ४५० बाय ४५०. उताराच्या भागाचं सूत्र सोपं आहे: उंचीचा तिसरा हिस्सा, गुणिले खालचं क्षेत्रफळ अधिक वरचं क्षेत्रफळ अधिक दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ३.२४ अधिक ०.२०२५ अधिक ०.८१, गुणिले ०.३५, भागिले ३. उत्तर ०.४९६ घनमीटर. लोक काय करतात? दोन क्षेत्रफळांची सरासरी काढून उंचीने गुणतात, ०.६०२ येतं. चोवीस फुटिंगमध्ये अडीच घनमीटर हवेतलं काँक्रीट. घनमीटरला ७,००० रुपये धरा, जवळपास १८,००० रुपये. काही महाभाग तर उतार विसरूनच जातात आणि पूर्ण उंचीचा ठोकळा धरतात. खरं काँक्रीट ३१.३ घनमीटर, बिलात ४६.७. दीडपट! आणि हे एक्सेलच्या शीटमध्ये छापून येतं म्हणून मालक गप्प बसतो.

कोरड्या मालाचा १.५४ हा गुणक बिलात वापरणारे लोक तर थक्क करतात. तो गुणक सिमेंट, वाळू, खडी किती आणायची ते काढायला आहे. एम २० प्रतीच्या काँक्रीटच्या १:१.५:३ मिश्रणाला (सिमेंट, वाळू, खडी) घनमीटरमागे आठ गोणी सिमेंट लागतं, ते त्यातूनच निघतं. मोजमाप ओतलेल्या काँक्रीटचं असतं, ड्रॉइंगच्या मापाने. आरएमसीच्या (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) चलनावरचा आकडाही बिल नव्हे. खड्ड्याचा तळ खडबडीत ठेवला म्हणून १०० ची पीसीसी १५० झाली, तर ते जादा काँक्रीट ज्याने तळ नीट केला नाही त्याच्या खिशातून जायला हवं.

लोडबेअरिंग घरांत, म्हणजे कॉलमऐवजी भिंतींवर उभ्या घरांत, पाया सेंटरलाइनने, भिंतींच्या मध्यरेषेवर, मोजतात, ते सोपं आणि बरोबर आहे, पण टी-जोड विसरतात. आतली भिंत बाहेरच्या भिंतीला जिथे टेकते तिथे चरीच्या निम्म्या रुंदीइतकी लांबी वजा करायची. कोपऱ्याला वजावट नाही. ०.९ रुंद, १ मीटर खोल चर आणि दोन टी-जोड म्हणजे ०.८१ घनमीटर कमी. आणि ही वजावट प्रत्येक थराला त्याच्या त्याच्या रुंदीची. पीसीसीची ०.९, वरच्या पायऱ्यांची ०.७५, ०.६, ०.४५. सगळ्यांना एकच लांबी लावली की हिशोब चुकलाच.

जोत्याची भर धुमसून झाल्यावर भिंतींच्या आतल्या मापाने मोजायची. ३.६ बाय ३ ची खोली, भर ४५ सेंटिमीटर, म्हणजे ४.८६ घनमीटर. दबल्यावर मुरूम कमी होतो म्हणून सुटा माल जास्त आणावा लागतो, तो हिशोब दरात धरायचा असतो, मापात नाही. २० सेंटिमीटरचे थर, पाणी, धुम्मस. पूर्ण ४५ एकदम ओतून वरून पाणी मारलं तर दोन पावसाळ्यांत फरशी बसणार. सळईचं वजन मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला किलो. १२ ची ०.८८९. काट्याची पावती आणि हे गणित शेजारी ठेवा.

हे सगळं कधी मोजायचं? झाकण्याआधी! पीसीसी पडायच्या आधी खड्डा, फुटिंग भरायच्या आधी सळई, माती लोटायच्या आधी फुटिंग. सरकारी कामात एमबी, म्हणजे मोजमापाची वही, असते. झाकल्या जाणाऱ्या कामाची नोंद जागेवरच व्हायला हवी, पण तिथेही ऑफिसात बसून महिनाअखेरीला पानं भरली जातात. खाजगी कामात तर वहीच नसते. प्रत्येक खड्ड्याला नंबर द्या, टेप किंवा स्टाफ (उंच मोजपट्टी) उभा धरून फोटो काढा, आकडे आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे सेंटिमीटरपर्यंत लिहा आणि मुकादम, इंजिनिअर, मालक अशा तिघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.

आणि बिलात 'पायाचं काम, एकरकमी' अशी एक ओळ आली तर ते बिल त्याच हाताने परत द्या. नग, लांबी, रुंदी, खोली, वजावट, एकूण हे रकाने भरून आणेपर्यंत चेकबुक कपाटातून काढायचं नाही.