जन्मस्थळ जरा बघून निवडा

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल, तर पहिली गोष्ट मनाशी पक्की करा : उशीर झालेला नाही. सगळं अगदी नियमाप्रमाणे चाललं आहे. १९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठरवून दिली आणि एका देशाच्या वाट्याला ढोबळमानाने सात टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, अशी मेखही मारून ठेवली. भारताला सात टक्के, आइसलंडलाही सात टक्के. आइसलंडची अख्खी लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, पण समता म्हणजे समता. शिवाय त्या १ लाख ४० हजारांत अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही धरतात. म्हणजे तुमच्या पुढचा माणूस एकटा दिसला तरी त्याच्या मागे घरची माणसं उभी आहेत, हे लक्षात ठेवा.

आता देश कोणता, हे पासपोर्टवरून ठरत नाही. जन्म कुठे झाला त्यावरून ठरतं. तुमच्याच वर्गातला, तुमच्याहून चार टक्के कमी मिळवणारा मित्र केवळ त्याचे वडील तेव्हा मस्कतला नोकरीला होते म्हणून ओमानच्या खात्यात जातो आणि बघता बघता सुटतो. तुमच्या वडिलांनी आखातातली ऑफर नाकारून सांगलीतली बँक धरून ठेवली. हे त्यांना रविवारच्या फोनवर बोलून दाखवू नका, त्या काळी त्यांना कुठे कल्पना होती!

लग्न व्हायचं असेल तर मात्र अजून वेळ गेलेली नाही. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मला असेल तर तुमचा अर्जही त्या देशाच्या खात्यात लावून घेता येतो. तेव्हा पत्रिका हातात आली की मंगळ, नाडी, गण हे सगळं नंतर. आधी जन्मस्थळाचा रकाना. तिथे 'दुबई' दिसलं की छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले म्हणून समजा.

दुसरा सल्ला नोकरीबद्दल. हे काम करायला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीला आधी दाखवावं लागतं. त्यासाठी तुम्ही रोज करता त्याच कामाची जाहिरात छापील वर्तमानपत्रात दोन रविवारी येते. आपल्या खुर्चीत बसून आपल्याच खुर्चीची जाहिरात वाचण्याचा हा योग सोडू नका. मग लेबर खात्याकडे अर्ज जातो आणि तो ज्या दिवशी दाखल होतो, ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा. इथून पुढे तुमची ओळख तीच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून ताट हातात घेतलंत की शेजारचा नाव विचारायच्या आधी विचारतो, "तुमची कधीची?" पगार विचारणं असभ्य समजतात, हे नाही. "मार्च दोन हजार तेरा, ईबी-टू" म्हणालात (ईबी-टू म्हणजे मास्टर्सवाल्यांची रांग) तर मान डोलावतात. एखादा नवखा "दोन हजार एकोणीस" म्हणाला, की वाढणारी काही न बोलता त्याच्या ताटात एक मोदक जास्त टाकते.

आणि हो, बढती घेऊ नका. अर्जात जे काम लिहिलंय तेच तुम्हाला पुढे करायचं आहे, हा त्या अर्जाचा पाया. फार हुशारी दाखवलीत आणि काम फारच बदललं, तर जाहिरातीपासून पुन्हा श्रीगणेशा. तारीख तेवढी जुनी राहते, ही सरकारची कृपा. तेव्हा साहेबांनी मॅनेजर करायचं म्हटलं तर नम्रपणे सांगा, की मी २०१३ साली जसा होतो तसाच मला राहू द्या.

दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं बुलेटिन येतं. कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला, ते त्यात असतं. २०१५च्या ऑक्टोबरपासून त्यात दोन तक्ते असतात : एक शेवटचा अर्ज कधी भरता येईल त्याचा, दुसरा कार्ड कधी मिळेल त्याचा. त्यातला कोणता मानायचा ते इमिग्रेशन खातं वेगळं सांगतं. तारीख पुढे सरकली म्हणून पेढे आणायची घाई करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीयांची ईबी-टूची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ झाली. त्याआधी २०२०च्या ऑक्टोबरात ईबी-थ्रीची, म्हणजे साध्या पदवीवाल्यांची रांग ईबी-टूच्या पुढे निघून गेली होती. तेव्हा मास्टर्स केलेली माणसं आपला अर्ज खालच्या वर्गात लावून घ्यायला ॲटर्नीच्या मागे लागली. शिकलात ती चूक तुमची, तिचं खापर दुसऱ्यावर फोडू नका.

राजकारणाची आशा धरायची असेल तर जरूर धरा. देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९च्या जुलैत प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात सिनेटनेही मंजूर केलं. फक्त दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते. बाकी सगळं जमलं होतं.

पुण्याच्या काकांचा फोन येईल. शेजारच्या जोशांच्या मुलाला कॅनडात कसं झटपट मिळालं, हे ऐकून घ्या. मग ते आवाज खाली आणून विचारतील, "तिकडे काही चहापाणी चालत नाही का रे?" त्यांना अभिमानाने सांगा, की चालतं, पावतीसकट चालतं. त्याला प्रीमियम प्रोसेसिंग म्हणतात. अडीच-तीन हजार डॉलर जादा भरले की कामाच्या पंधरा दिवसांत खातं आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी भरलेला अर्ज, हातावेगळा करतं. तुम्ही ग्रीन कार्डाला पात्र आहात, असं सहसा पंधरा दिवसांत कळतं. मग रांगेत परत जाऊन उभं राहायचं.

या चहापाण्यात एक गंमत आहे, ती काकांना सांगू नका. तुमचं मूल एकवीस वर्षांचं झालं की तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. मात्र २००२च्या कायद्याने थोडी सूट दिली : आय-१४० जितके दिवस खात्यात पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. आता ज्याच्या कंपनीने कंजूषपणा केला आणि ज्याचा कागद आठ महिने धूळ खात राहिला, त्याच्या मुलाचं वय आठ महिन्यांनी कमी. तुम्ही मात्र जादा पैसे भरून तीन आठवड्यांत मंजुरी आणलीत, पेढेही वाटलेत. तुमच्या मुलाला तीन आठवडे. त्यातून वय मोजायचं ते तुमची तारीख बुलेटिनात लागेल तेव्हाचं, आणि त्यासाठी कोणता तक्ता धरायचा, हे २०२३ मध्ये बदललं आणि २०२५च्या ऑगस्टपासून पुन्हा पहिल्यासारखं झालं. म्हणून वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या किती लावायच्या, हे दरवर्षी ॲटर्नीला विचारून घेतलेलं बरं.

आणि एकवीस उलटलेच तर? घाबरू नका, स्टुडंट व्हिसा आहे. दोन वर्षांचा असताना इथे आलेला मुलगा, ज्याला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतो, त्याने एवढंच पटवून द्यायचं, की शिक्षण संपलं की आपण मायदेशी परत जाणार. आईवडील मात्र इथेच कायम राहायच्या रांगेत आहेत, हे खात्याला आधीच ठाऊक असतं. फॉर्मवर परदेशातला पत्ता विचारतात. तिथे सांगलीच्या आजोबांचा पत्ता घाला. त्याला पिनकोड माहीत नसणार. तो आजच पाठ करायला लावा.