एका मास्तराचे तीन शेवट

कादंबरीवर सिनेमा येतोय अशी नुसती बातमी आली, की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘वाट लावणार!’ नट ठरलेले नसतात, पटकथा लिहून झालेली नसते, पण वाट लागलेली असते. ग्रुप ई-मेलवर चालायचा तेव्हा हे ‘नटरंग’वरून झालं, व्हॉट्सॲपवर आल्यावर ‘दुनियादारी’वरून. सिनेमा लागला की दोन तट पडतात. एका तटाकडे गाळलेल्या प्रसंगांची यादी असते. दुसऱ्याकडे एकच वाक्य असतं, ‘सिनेमा हे वेगळं माध्यम आहे’, आणि ते टाकलं की वाद जिंकला असं समजायचं. मला दोन्ही पटत नाहीत. याद्या करणाऱ्यांनी निदान पुस्तक वाचलेलं असतं, म्हणून मन थोडं त्यांच्याकडे झुकतं, एवढंच.

मी हॅम्बुर्गला राहतो. इथून रेल्वेनं तासाभराच्या आत ल्युबेक येतं, मान आडनावाच्या दोन लेखक बंधूंचं गाव. धाकटा टोमास जगभर गाजला. थोरला हाइनरिश आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, पण त्याची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी पोचलेली आहे. ‘प्रोफेसर उनराट’ ही त्याची १९०५ ची कादंबरी. पोरांना छळणारा, तिरसट असा हायस्कुलातला एक मास्तर. विद्यार्थ्यांच्या मागावर तो एका गुत्त्यात पोचतो आणि तिथे गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो. नोकरी जाते, अब्रू जाते. ओळखीचं वाटतंय ना? ‘पिंजरा’च तो.

मधे एक पायरी आहे. १९३० साली योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी या कादंबरीवर ‘द ब्लू एंजल’ काढला. मास्तर एमिल यानिंग्ज, आणि गाणारी मार्लिन डिट्रिच, जी त्या एका सिनेमानं जगाला माहीत झाली. तिथून १९७२ साली ही गोष्ट व्ही. शांताराम यांच्या हातात आली. गुत्त्याचा तमाशाचा फड झाला, डिट्रिचच्या जागी संध्या आली आणि यानिंग्जच्या जागी श्रीराम लागू.

तिन्ही शेवट शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. कादंबरीतला उनराट गावावर सूड उगवतो. त्या बाईशी लग्न करून तो घरातच जुगाराचा अड्डा मांडतो. ज्या प्रतिष्ठितांनी त्याला वाळीत टाकलं, तेच रात्री गुपचूप त्याच्या दारात येतात आणि कफल्लक होऊन जातात. शेवटी त्याला पोलीस धरून नेतात. सभ्य गावाचे बुरखे फाडायचे हा हाइनरिशचा उद्योग, आणि मास्तर हे त्याचं हत्यार. सिनेमात हा सूड साफ गेला. तिथला मास्तर फिरत्या कंपनीत विदूषक होतो. आपल्याच गावात, ओळखीच्या लोकांसमोर, त्याच्या डोक्यावर अंडी फोडतात आणि त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतात. त्या रात्री तो आपल्या जुन्या वर्गात जातो आणि टेबल घट्ट धरून मरतो.

आपला मास्तर तिसरंच काही करतो. मुळात तो तिरसट नाहीच, गाव त्याला देव मानतं. भलत्याच माणसाचं प्रेत मास्तरांचं ठरतं, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि पुढे स्वतःच्याच खुनाचा आरोप आल्यावर मास्तर खरं बोलत नाहीत. तोंड उघडलं तर तो पुतळा पडेल म्हणून.

आता याद्या करणाऱ्यांना विचारा. शांतारामांनी मूळ पुस्तकाशी इमान राखलं का? अजिबात नाही. उनराट गावाचं ढोंग उघडं पाडतो आणि आपला मास्तर गावाचा भ्रम टिकावा म्हणून फासावर जायला तयार होतो. अर्थ पार उलटा झाला. तरी मला त्यात फसवणूक वाटत नाही, कारण पुतळ्यावाचून ज्याचं चालत नाही असं गाव हे आपलं गाव आहे, ल्युबेक नव्हे. शांतारामांनी प्रश्न उचलला आणि उत्तर आपल्या मातीतलं दिलं. (शेवटाकडे उपदेश अंमळ जास्तच आहे, पण ते असो.) शेजारच्या निवृत्त शिक्षकांना एकदा सबटायटल्ससह ‘पिंजरा’ दाखवला. हाइनरिश मान त्यांना पाठ. लावणीला त्यांनी ताल धरला, आणि पुतळा आल्यावर विचारलं, ‘याचे पैसे कोणी दिले?’ वर्गणी ही गोष्ट समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली. पुस्तकापासून सिनेमा किती लांब गेला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या प्रकारच्या सिनेमाचा. नावं तीच, प्रसंग बरेचसे तेच, पोस्टरवर लेखकाचं नाव, आणि पुस्तकाचा दात मात्र काढलेला. याचं जवळचं उदाहरण इथलंच आहे. एरिख मारिया रेमार्कच्या १९२९ च्या युद्धकादंबरीवर एडवर्ड बर्गर यांनी २०२२ मध्ये जर्मन सिनेमा केला. आपण तो ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ म्हणून नेटफ्लिक्सवर पाहिला. चार ऑस्कर, ब्रिटनचे सात बाफ्टा पुरस्कार. पुण्याहून अभिनंदनाचे मेसेज मला आले, जणू मीच काढला होता. इथली वृत्तपत्रं मात्र फणफणत होती. भारतातले मित्र म्हणाले, जर्मन लोकांना स्वतःचं कौतुकच नाही. तसं नव्हतं. पुस्तक इथे शाळेत वाचतात, त्यामुळे काय गेलं ते समीक्षकालाही कळतं आणि सोळा वर्षांच्या पोरालाही.

गेलं ते हे. कादंबरीत पाउल बॉयमर हा पोरगा ऑक्टोबर १९१८ मध्ये मरतो. तो दिवस इतका शांत असतो, की सैन्याच्या अहवालात आघाडीवर नवीन काही नाही एवढंच लिहिलेलं असतं. माणूस मेला आणि ती बातमीही झाली नाही. सिनेमात तो ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाला काही मिनिटं उरलेली असताना मरतो, कारण एक माथेफिरू जनरल शेवटच्या क्षणी हल्ल्याचा हुकूम देतो. म्हणजे खलनायक मिळाला. रेमार्कनं जो दिला नव्हता तो. प्रेक्षकाला चीड कोणावर काढायची ते कळलं आणि तो सुटला.

आता गंमत पाहा. १९३० साली हॉलिवुडमध्ये लुइस माइलस्टोननं केलेल्या सिनेमातही शेवट पुस्तकातला नाही. तिथे पाउल खंदकातून फुलपाखराकडे हात पुढे करतो आणि गोळी लागते. रेमार्कनं असं लिहिलेलं नाही, पण त्या शेवटाला कोणी नावं ठेवल्याचं मी ऐकलं नाही. एक निरर्थक मरण, आणि जबाबदार कोणी नाही, ही मूळ गोष्ट तिथे शाबूत आहे. तो सिनेमा बर्लिनमध्ये लागला तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या टोळीनं थेटरात उंदीर सोडले होते आणि काही दिवसांत सिनेमावर बंदी आली. पुढे १९३३ मध्ये रेमार्क आणि हाइनरिश मान या दोघांचीही पुस्तकं जाळली गेली.

बर्गरनी आणखी एक गाळलं, आणि ते मला जास्त लागलं. पाउल रजेवर घरी जातो तो भाग. साधे कपडे चढवतो तर ते आखूड होतात. खोलीत जाऊन आवडती पुस्तकं काढतो, ती त्याच्याशी बोलत नाहीत. आणि गावातले मोठे लोक, ज्यांनी आघाडी पाहिलेली नाही, ते त्याला युद्ध कसं जिंकायचं ते समजावतात. सुट्टीला पुण्यात गेलेल्या कुठल्याही माणसाला हे प्रकरण वाचून दाखवा. आमच्या शेजारचे काका मला दरवेळी जर्मनीची अर्थव्यवस्था समजावतात. माझ्या आणि पाउलच्या दुःखात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं. पण घरचं माणूस परकं होतं म्हणजे नेमकं काय, हे त्या पुस्तकाइतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही, आणि दोन तासांहून लांब सिनेमात त्याला जागा नव्हती.

मग आपल्याकडचा वाद तेवढाच शहाणा आहे का? नेहमी नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’चा ट्रेलर आला आणि संभाजी महाराज लेझीम खेळतानाच्या दृश्यावरून गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढलं. पुढे आपल्या पूर्वजांना फितूर दाखवलं असा शिर्के घराण्याच्या वंशजांचा आक्षेप आला, तेव्हा सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतला आहे असा खुलासा झाला. दोन्ही वेळी मी ग्रुप वाचत होतो. सावंतांनी काय लिहिलंय म्हणून पुस्तक उघडलेला एकही जण तिथे दिसला नाही. पुस्तक ढालीसारखं पुढे धरलं गेलं, वाचलं गेलं नाही. भांडण इतिहासाच्या मालकीचं होतं. ते भांडण करायचं तर करा, पण त्याला साहित्यनिष्ठा म्हणू नका.

दुसरी बाजू मला परदेशात राहिल्यामुळे जास्त दिसते. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, आणि सिनेमा लाखो लोक बघतात. रेमार्क इथल्या कुठल्याही दुकानात मिळतो, त्यामुळे बर्गरनी काहीही केलं तरी पुस्तकाचं नुकसान होत नाही. उलट सिनेमाच्या वर्षी खपच वाढतो. आपल्याकडे एका पिढीनंतर सिनेमा हेच पुस्तक होऊन बसतं. माझी मुलगी देवनागरी अडखळत वाचते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या तिच्यापर्यंत पोचल्या तर ‘जोगवा’ या सिनेमामधूनच पोचणार. ‘वाट लावणार’ या मेसेजमागे हीच धास्ती असते, आणि ती खोटी नाही. पण त्यासाठी दिग्दर्शकाच्या पायात बेडी का? त्यानं पुस्तकाचं पान न् पान चितारावं अशी सक्ती केली तर चित्रांचं गाईड हातात पडेल, सिनेमा नाही. सिनेमा लागेल त्या आठवड्यात पुस्तक दुकानात, ई-बुकमध्ये, ऑडिओत असावं म्हणून प्रकाशकाच्या मागे लागा. शंभर मेसेज टाकणाऱ्या आमच्या ग्रुपनं प्रकाशकाला एक ई-मेल कधी लिहिलेली नाही.

इथल्या मराठी मंडळात या हिवाळ्यात ‘सिंहासन’ दाखवायचं घाटतंय. नवीन आलेल्या आयटीतल्या मुलांनी तो पाहिलेला नाही आणि त्यांच्या जर्मन मित्रांना महाराष्ट्राचं राजकारण समजून घ्यायचंय. (शुभेच्छा!) जब्बार पटेलांचा १९७९ चा सिनेमा, पटकथा तेंडुलकरांची. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ अशा दोन कादंबऱ्या घेऊन त्यांनी एकच गोष्ट केली, पण साधूंची पत्रकाराची नजर निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसमध्ये पुरती उतरली. मी ग्रुपवर ही बातमी टाकली. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘अरे, पण मुंबई दिनांकमधलं किती गाळलंय त्यांनी!’ मी त्याला विचारलंय, किती ते सांग. पुस्तक शोधतोय म्हणाला.