‘आपला समुद्र, आपले मासे’ या संदेशातील दावे का टिकत नाहीत

नागपूरच्या धरमपेठेतील एका अभ्यासिकेत राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात सरावासाठी लिहिलेले एक उत्तर मला वाचायला दिले. प्रश्न हिंदी महासागरातील मत्स्यसंपत्ती आणि शेजारी देशांचे सहकार्य यांवर होता. उत्तराचा निम्मा भाग मात्र ‘आपला समुद्र, आपले मासे’ या मथळ्याने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशातून जसाच्या तसा उतरला होता. त्या संदेशाचे सार असे: समुद्रातले मासे कधी संपत नाहीत. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांतला प्रत्येक मासा आपला असून शेजाऱ्यांशी करार करणे म्हणजे तो दान करणे. मासेमारीबंदी एकटा भारत पाळतो आणि तेवढ्यात बांगलादेश मासे पळवतो. शेजाऱ्यांचे मच्छीमार सापडले की अडकवून ठेवावेत, चर्चा करू नये. आणि समुद्र नसलेल्या विदर्भाने यात डोके घालण्याचे कारण नाही. शिकलेली मुले हे खरे मानून परीक्षेत लिहू लागली असतील, तर गप्प बसणे मला शक्य नाही.

मासे संपत नाहीत, हे म्हणणाऱ्याने कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचा इतिहास वाचावा. तेथील कॉड माशावर युरोपातील जहाजे शतकानुशतके जगली. 1977 मध्ये कॅनडाने आपली हद्द दोनशे मैलांपर्यंत वाढवली आणि परदेशी ताफ्यांचा बराच मोठा भाग बाहेर काढला. संदेश लिहिणाऱ्याच्या मते तेवढ्याने सारे प्रश्न सुटायला हवे होते. प्रत्यक्षात परक्यांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली, समुद्रात किती मासे उरले आहेत याचे, म्हणजे साठ्याचे, अंदाज फुगवलेले निघाले, आणि 2 जुलै 1992 रोजी सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झालेली ती बंदी तीन दशके लांबली. मासा आपला म्हटल्याने तो वाचत नाही. किती काढायचा याची मर्यादा ठरवून ती पाळली, तरच तो वाचतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार, 2021 मध्ये जगातील पाहणी झालेल्या सागरी साठ्यांपैकी 37.7 टक्के साठ्यांवर टिकाऊ पातळीपेक्षा अधिक मासेमारी होत होती. 1974 मध्ये हे प्रमाण 10 टक्के होते.

दोनशे मैलांचा दावा कायदा न वाचता केलेला आहे. 1982 च्या समुद्र कायदा कराराने किनारी देशाला त्या क्षेत्रातील साधनसंपत्तीवर हक्क दिले, हे खरे. भारताने तो करार 1995 मध्ये मान्य केला. परंतु त्याच करारातील 61 व्या अनुच्छेदाने साठा टिकवण्याचे कर्तव्य त्याच देशावर टाकले आहे, आणि 63 व्या अनुच्छेदानुसार एकच साठा दोन देशांच्या क्षेत्रांत वावरत असेल, तर त्यांनी थेट किंवा प्रादेशिक संघटनेमार्फत संवर्धनाच्या उपायांवर एकमत साधण्याचा प्रयत्न करायचा आहे. दान करण्याची सक्ती कुठेही नाही. आपल्याला पकडता येण्यासारखे नसेल तेवढ्याच अतिरिक्त साठ्यापुरता इतरांना वाव देण्याचा उल्लेख 62 व्या अनुच्छेदात आहे. भाचीला हे समजावताना मी तोतलाडोहचे उदाहरण दिले. नागपूरची तहान भागवणारा तो जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरला आहे. एका काठाने विणीच्या काळात जाळी आवरली आणि दुसऱ्याने मोकळी सोडली, तर आवरणाऱ्याच्या हाती काय उरेल, हे सांगायला समुद्रशास्त्र लागत नाही.

आता बंदीचा मुद्दा, ज्यात या संदेशाने वस्तुस्थिती अक्षरशः उलटी केली आहे. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी असते. बांगलादेशातही बंदी होतीच, आणि ती आपल्यापेक्षा मोठी, पासष्ट दिवसांची होती. फक्त ती 20 मे ते 23 जुलै अशी होती. परिणाम असा की 15 जूनपासून भारतीय बोटी समुद्रात उतरत आणि बांगलादेशी मच्छीमार पुढचे सव्वा महिना किनाऱ्यावर बसून राहत. आम्ही घरी बसतो आणि शेजारी मासे नेतात, ही तक्रार तेथील मच्छीमार आपल्याविषयी वर्षानुवर्षे करत होते. अखेर 2025 मध्ये बांगलादेशाने आपली बंदी 15 एप्रिल ते 11 जून अशी अठ्ठावन्न दिवसांची करून ती भारताच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतली. याखेरीज हिलसा माशाच्या विणीसाठी तेथे ऑक्टोबरच्या सुमारास बावीस दिवसांची वेगळी बंदी असते. बंगालच्या उपसागरातून मेघना आणि हुगळी या नद्यांत चढणारा हिलसा दोन्ही देशांचा आहे, आणि त्या बावीस दिवसांत वाचलेल्या पिलांचा लाभ पश्चिम बंगालच्या जाळ्यांनाही मिळू शकतो. एवढी माहिती शोधायला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी ती न शोधता हजारो माणसे हा मजकूर पुढे ढकलतात, याचा मला मनापासून राग येतो.

आपले मासे परक्यांना दान होतात या भीतीमागचे एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागेल. 1991 च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाने परदेशी जहाजांना भाडेकरार आणि संयुक्त उपक्रमांच्या वाटेने आपल्या क्षेत्रात खरोखरच शिरकाव दिला होता. त्याविरुद्ध देशभरचे मच्छीमार उभे राहिले आणि 1996 मध्ये सरकारनेच नेमलेल्या मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. परंतु ते परवाने आपल्याच सरकारने दिले होते. कोणत्याही शेजारी देशाशी झालेल्या मत्स्यसंवर्धन कराराचा त्यात संबंध नव्हता.

सर्वांत घातक आहे तो मच्छीमार अडकवून ठेवण्याचा सल्ला. गुजरात आणि पाकिस्तान यांच्यामधल्या सर खाडीजवळची (सर क्रीक) सागरी सीमा आजही ठरलेली नाही, आणि बोट चुकून पलीकडे गेली की गुजरातचे, आपल्या पालघर जिल्ह्याचेही खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरच्यांना आपला माणूस कुठे आहे हे कळण्याची ती मोठी वाट आहे. चर्चा बंद करा म्हणणारा हीच वाट बंद करायला सांगतो आहे. श्रीलंकेच्या बाबतीत तर आपली बाजूही तेवढी स्वच्छ नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीत तळ खरवडणारे ट्रॉलर प्रामुख्याने तामिळनाडूचे आहेत, आणि त्या पद्धतीवर श्रीलंकेने 2017 मध्ये कायद्याने बंदी घातली. तेथील जाळी फाटतात ती उत्तर श्रीलंकेतील गरीब तमिळ मच्छीमारांची. वैर असताना सहकार्य होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्राकडे पाहावे: नाटोचा संस्थापक सदस्य नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्ध चालू असताना, 1975 मध्ये, संयुक्त मत्स्य आयोगाचा करार केला आणि तेथील कॉडचा वाटा निम्मा-निम्मा ठरवला.

विदर्भाचा प्रश्न थोडक्यात. नागपूरच्या बाजारात बर्फातून येणारे पापलेट आणि सुरमई याच समुद्रातून येतात, आणि मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा देणाऱ्या राज्याच्या तिजोरीत नागपूरकरांचाही पैसा असतो. भाचीने संदेशातून उतरवलेला भाग उत्तरातून काढून टाकला आहे. तो संदेश ज्या गटातून तिच्याकडे आला, त्याच गटात ती आज माझा हा लेख पाठवणार आहे.