‘एक्स्प’ऐवजी स्वतःची लूप: ‘तेच उत्तर’ येते का?

प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. ई या गणिती स्थिरांकाचा दिलेला घात काढणारे, भाषेत अंगभूत असलेले ‘एक्स्प’ हे फंक्शन म्हणजे निव्वळ सोय आहे, असे त्यात म्हटलेले असते. ई म्हणजे २.७१८२८, त्याचा हवा तो घात काढला की तेच उत्तर येते, किंवा टेलर मालिकेची (घातांक क्ष असेल, तर १ + क्ष + क्ष²/२ + क्ष³/६ … अशी पदांची बेरीज) पाच-सात ओळींची लूप लिहावी, कारण अंगभूत फंक्शनही आतून हीच मालिका मोजते आणि आपली लूप त्याहून वेगवान असते. शिकण्यासाठी लूप लिहून पाहण्याला माझा मुळीच आक्षेप नाही; आक्षेप आहे तो ‘तेच उत्तर’ या दोन शब्दांना.

आधी २.७१८२८ विषयी. ई ही संख्या २.७१८२८१८२८४५९०४५ अशी पुढे चालतच राहते. ती पाच दशांश स्थळांवर तोडल्याने होणारी सापेक्ष चूक दहा लाखांत एक भागाहूनही कमी असते, पण घात काढताना ती घातांकाच्या पटीत वाढते. ई चा शंभरावा घात २६८८१ या अंकांनी सुरू होतो, तर २.७१८२८ चा शंभरावा घात २६८७९ ने. म्हणजे चौथ्याच अंकाला गाडी घसरली. भाषेतला ई चा तयार स्थिरांक घेतला तरी तोही सुमारे सोळा अंकांवर तोडलेलाच असतो आणि घातांक ७०० च्या आसपास गेला की उत्तराचे शेवटचे दोन-तीन अंक भरवशाचे राहत नाहीत. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही स्थिरांकाचा घात काढण्यापेक्षा ‘एक्स्प’ सहसा अधिक अचूक असल्याचे नमूद आहे.

मालिकेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. धन संख्यांसाठी लूप बऱ्यापैकी उत्तर देते, हे मान्य करायला हवे, आणि बहुधा त्यामुळेच हा सल्ला टिकून आहे. पण क्ष उणे २० घेऊन पाहा. खरे उत्तर सुमारे २.०६ अब्जांश इतके लहान आहे. मालिकेतील पदे मात्र आलटून पालटून धन-ऋण होत वाढत जातात आणि सर्वांत मोठे पद सुमारे ४ कोटी ३१ लाखांवर पोहोचते. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ‘डबल’ प्रकारच्या (संगणकात ६४ बिटांत साठवलेल्या दशांश संख्यांच्या) दोन लगतच्या संख्यांमधील अंतरच सुमारे ७.४५ अब्जांश असते, म्हणजे आपल्या उत्तराच्या तिपटीहून अधिक. मोठी पदे एकमेकांना छेदून गेल्यावर खाली उरतो तो मुख्यतः पूर्णांकनाचा गाळ, आणि पदे कितीही वाढवली तरी तो निघत नाही. उणे २० ऐवजी २० चे उत्तर काढून त्याने १ ला भागले की हा दोष टळतो. पण सल्ल्यात ही ओळ कुठेच नसते.

‘आतून हीच मालिका’ हे विधान तर ढोबळमानानेही खरे नाही. सन मायक्रोसिस्टिम्सची १९९३ ची गणित-लायब्ररी यासाठी पाहण्याजोगी आहे. तिच्यात क्ष मधून २ च्या नैसर्गिक लॉगरिदमची पूर्णांक पट आधी वजा केली जाते, जेणेकरून उरलेला भाग शून्यापासून ०.३४६६ पेक्षा दूर राहू नये. उणे २० साठी हा पूर्णांक उणे २९ येतो आणि बाकी सुमारे ०.१०१३ उरते. ही वजाबाकी स्वच्छ व्हावी म्हणून लॉगरिदमचा स्थिरांकही दोन तुकड्यांत ठेवलेला असतो. मग एवढ्या लहान टापूसाठीच बेतलेल्या पाच सहगुणकांच्या बहुपदीने उत्तर काढून शेवटी २ च्या उणे २९ व्या घाताने गुणले जाते, जे केवळ संख्येच्या घातांकाचे बिट बदलून साधते.

वेगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. क्ष २० असताना पूर्ण अचूकतेसाठी मालिकेची साठाहून अधिक पदे लागतात, आणि घात काढणाऱ्या सर्वसाधारण फंक्शनला आधी लॉगरिदम काढून मग पुन्हा घातांकी फलनाकडेच यावे लागते.

७१० दिल्यावर पायथनचे ‘एक्स्प’ त्रुटी दाखवते आणि आपली लूप मात्र चालत राहते, असाही एक युक्तिवाद केला जातो. लूप चालत राहते हे खरे, पण कशी? क्ष ७०९.७८ च्या थोडा पुढे गेला की उत्तर डबलमध्ये मावत नाही. त्यापलीकडे बेरीज मुकाट्याने अनंत होते. पुढचे पद आधी क्ष ने गुणून मग भागत काढले असेल, तर पदही अनंत होते आणि ‘पद पुरेसे लहान झाले की थांब’ ही अट कधीच पूर्ण होत नाही.

अंगभूत फंक्शनही डोळे झाकून वापरता येत नाही, एवढे मात्र सल्ला देणाऱ्यांच्या बाजूने म्हणता येईल. क्ष हा एक भागिले हजार कोटी असताना ‘एक्स्प’च्या उत्तरातून १ वजा केला, तर १.००००००००००५ या अंकांऐवजी १.०००००००८२७ असे काहीतरी हाती येते, कारण उपयोगी अंक १ मध्ये मिळवतानाच गळालेले असतात. पण त्यावरचा उपाय लूप नसून ई च्या घातातून १ वजा केलेले उत्तर थेट देणारे ‘एक्स्पएमवन’ हे दुसरे अंगभूत फंक्शन आहे, आणि सी भाषेच्या १९९९ च्या मानकापासून ते उपलब्ध आहे.