बॉब विल्सची स्टील गिटार विचित्र वीणेतून आलेली नाही

'अमेरिकेच्या काउबॉय संगीताचं मूळ भारतात!' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात टेक्ससचा बँडलीडर बॉब विल्स याच्याबद्दल ठोकून दिलंय ते असं: त्याच्या बँडमधली स्टील गिटार (तारांवर पोलादी पट्टी घसरवून वाजवायची ती) म्हणजे आपली विचित्र वीणा (तारांवर गोटा घसरवून वाजवायची ती), एका भारतीय खलाशाने ती हवाई बेटांवर नेली. वेस्टर्न स्विंग, म्हणजे टेक्ससचं गावाकडचं संगीत आणि जॅझ यांच्या मिश्रणातून झालेलं नाचाचं संगीत, हा प्रकार विल्सने एकट्याने शोधला. त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रम रेकॉर्ड कंपनीने घुसवले. 'सॅन अँटोनिओ रोझ' हे गाणं मूळ गायक बिंग क्रॉस्बीचं, विल्सने ते उचललं. स्टुडिओत फिडल वाजवता वाजवता त्याचा प्राण गेला. आणि त्याने आपल्या बायकोचा खून केला होता.

हा मेसेज मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि डॅलसच्या माझ्या भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला. विल्सचं शेवटचं रेकॉर्डिंग झालं ते याच डॅलसमध्ये. तिथल्या मुलांसमोर ती हे बोलणार होती. तेव्हा एकदा नीट लिहून टाकणं भाग आहे.

वीणेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त छात्या फुगल्यात त्या यावर. यातला अर्धा दाणा खरा आहे, तो आधी देऊन टाकतो. 1880 च्या दशकात हवाईतल्या होनोलुलूमध्ये गॅब्रिएल डेव्हियन नावाचा भारतात जन्मलेला एक तरुण तारेवर कठीण वस्तू घसरवून वाजवायचा, असे जुने उल्लेख सापडतात. बस्स, एवढंच. त्याने विचित्र वीणा पाहिली होती, ती सोबत नेली होती, असं कुठेही नाही. आणि विचित्र वीणा आज ज्या रूपात आपण ऐकतो, ते रूप मैफलीत आणलं पतियाळा दरबारच्या उस्ताद अब्दुल अझीझ खान यांनी, विसाव्या शतकात. हवाईचा जोसेफ केकुकू त्याआधीच, शाळकरी वयात, गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी पट्टी फिरवत होता. 1904 मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि गावोगाव वाजवत फिरला. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर तर हवाईयन संगीताचं वेड देशभर पसरलं. टेक्ससच्या पोरांच्या कानावर स्टील गिटार गेली ती या वाटेने.

विल्सकडे ती वाजवायचा लिऑन मॅकऑलिफ. 1935 मध्ये बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. 1936 च्या 'स्टील गिटार रॅग'ने त्याचं नाव झालं. आता केंटकीतल्या लुइव्हिलचा कृष्णवर्णीय गिटारवादक सिल्व्हेस्टर वीव्हर याची 1923 ची 'गिटार रॅग' ऐका आणि लगेच मॅकऑलिफची ऐका. पहिल्याच ओळीला चाल ओळखू येते. म्हणजे या एका तीन मिनिटांच्या तबकडीत हवाईचं वाद्य आहे, केंटकीच्या वीव्हरची चाल आहे, टेक्ससच्या पोराचा हात आहे. यात आपण कुठेच नाही. जबरदस्तीने आपलं नाव घुसवायचं तर आधी केकुकूचं आणि वीव्हरचं पुसावं लागतं. वीव्हरला त्याच्या हयातीत पुरेसं श्रेय मिळालं नाही, ते आता आपणही हिरावून घ्यायचं? मला या मेसेजची खरी चीड येते ती इथे.

उलट प्रवास मात्र खरा आहे. हवाईची ही गिटार टाऊ मो यांच्यासारख्या कलावंतांबरोबर कोलकात्यात आली, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत रुळली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं ते त्याच घराण्यातल्या मोहनवीणेसाठी. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगा.

'एकट्याने शोधला' हेही चूक. विल्सबद्दल वाचायचं तर चार्ल्स टाउनसेंड यांचं 1976 चं चरित्र वाचावं. त्यांनी विल्सच्या घरच्यांशी, बँडमधल्या वादकांशी बोलून ते लिहिलंय. विल्सचा जन्म 1905 चा, टेक्ससमधल्या कॉसी गावाजवळचा. बाप फिडल वाजवणारा, स्पर्धेत हरवायला अवघड माणूस. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण नाचाच्या ठेक्यावर वाजवलेलं. कापसाच्या शेतात बॉब कृष्णवर्णीय मजुरांच्या पोरांबरोबर कापूस वेचायचा आणि त्यांची गाणी, त्यांचे नाच त्याने तिथेच उचलले. ब्लूज गायिका बेसी स्मिथचं गाणं ऐकायला आपण घोड्यावरून लांबवर गेलो होतो, असं तो स्वतः सांगायचा.

आणि मिल्टन ब्राउन? मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. 1930 मध्ये फोर्ट वर्थला हा गायक विल्सला येऊन मिळाला. पुढे एका पीठगिरणीच्या जाहिरातीसाठी दोघे 'लाइट क्रस्ट डोबॉइज' या नावाने रेडिओवर वाजवू लागले. 1932 मध्ये ब्राउनने बाहेर पडून स्वतःचा बँड काढला. त्याच्याकडच्या बॉब डनने जानेवारी 1935 मध्ये विजेवरची स्टील गिटार रेकॉर्डवर आणली, तेव्हा विल्सच्या बँडचं, म्हणजे टेक्सस प्लेबॉइजचं, एकही रेकॉर्डिंग झालेलं नव्हतं. 1936 च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात ब्राउन गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तो जगता तर आज दोघांपैकी कोणाचं नाव आधी घेतलं असतं, हे सांगणं कठीण आहे. विल्स मोठाच होता, पण ब्राउनला गाळून त्याला मोठं करायची काही गरज नाही.

ट्रम्पेट-ड्रमची गोष्ट तर पार उलटी सांगितलीय. सप्टेंबर 1935, डॅलस, प्लेबॉइजचं पहिलं रेकॉर्डिंग. कंपनीचे आर्ट सॅदर्ली यांना साधा तंतुवाद्यांचा बँड अपेक्षित होता. समोर ड्रमवर स्मोकी डाकस, हातात फुंकवाद्यं घेतलेले वादक! वाद्यं त्यांना खटकली, आणि गाणं चालू असताना विल्स मध्येच 'आऽऽहा' ओरडतो, वादकांना नावाने हाका मारतो, हे तर अजिबात रुचलं नाही. ओरडणं बंद करा म्हटल्यावर विल्सने बँडला सामान आवरायला सांगितलं. माघार सॅदर्लींनी घेतली. तो 'आऽऽहा' पुढे त्याची ओळख झाला. कंपनीचं ऐकलं असतं तर त्या रेकॉर्डमध्ये ना फुंकवाद्यं राहिली असती ना विल्स.

'सॅन अँटोनिओ रोझ'बद्दल दोन वाक्यं पुरेत. विल्सने ती धून 1938 मध्ये रेकॉर्ड केली, 1940 मध्ये शब्दांसह पुन्हा केली. क्रॉस्बीने ती त्यानंतर गायली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

विल्सचा प्राण स्टुडिओत गेला नाही. 3 डिसेंबर 1973 ला जुने प्लेबॉइज डॅलसमध्ये जमले, विल्स चाकाच्या खुर्चीत होता. आधीच्या पक्षाघाताने फिडल कधीच सुटलं होतं. त्या रात्री पुन्हा झटका आला, तो शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग बँडने त्याच्याविना पुरं केलं. तो गेला 13 मे 1975 रोजी.

राहिला खून. हा आरोप निखालस खोटा आहे. 1961 मध्ये कॅलिफोर्नियात बायकोचा खून केला तो स्पेड कूलीने. तोही फिडलवादक, तोही बँडलीडर, 'वेस्टर्न स्विंगचा राजा' ही बिरुदावली मिरवणारा. त्याला जन्मठेप झाली. मेसेज लिहिणाऱ्याने बिरुद वाचलं आणि नाव बघायची तसदी घेतली नाही. विल्स दारू प्यायचा, त्यापायी रेडिओचे कार्यक्रम चुकवायचा, त्याची लग्नंही बरीच मोडली. हे सगळं टाउनसेंडनी लपवलेलं नाही. पण दारूडा म्हणणं आणि खुनी म्हणणं यात फरक आहे. वीणेचा दावा तुम्हाला सोडवत नसेल तर नका सोडू, त्यावर वाद घालता येईल. ही खुनाची ओळ मात्र ज्या ज्या ग्रुपवर टाकली असेल तिथून आज काढा, आणि तिथेच कूलीचं नाव लिहा.