पास नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पास नाही

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने कधीतरी मोटार रेसच्या मीडिया पासचा, म्हणजे जाळीच्या आत, ट्रॅकच्या कडेला उभं राहून फोटो काढायच्या परवान्याचा, अर्ज भरला असणार.

गुरुवारी दुपारी चार वाजता आयोजकांचा मेल आला. शुक्रवारी सकाळी पहिली प्रॅक्टिस. अर्ज मी सहा आठवडे आधी टाकला होता, कारण मुदत उलटली की पोर्टल तोंडावर बंद होतं. आणि उत्तर काय, तर दोन ओळी: आपल्या अर्जाबद्दल आभार, यावेळी मान्यता देता येत नाही. कारण नाही, खाली कुणाचं नाव नाही, उलट विचारावं तर पत्ता नो-रिप्लायचा. सहा आठवडे विचार करून या लोकांना वाटाण्याच्या अक्षता लावायला गुरुवारच सापडला.

त्या अर्जात काय काय मागतात, ऐका. संपादकाचं पत्र हवं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि त्यात याच रेसचं नाव हवं. मागच्या वर्षभरात छापून आलेले फोटो हवेत, तेही ट्रॅकवरचे. पब्लिक लायबिलिटी विमा हवा, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. प्रेस कार्ड हवं. सगळं पीडीएफमध्ये, आणि एकेक फाईल दोन एमबीच्या आत. फोटोग्राफरचं वर्षभराचं काम, दोन एमबीत! माझा एक रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातली न दाबलेली मूळ फाईल, त्याच्या पंधरापट असतो. दाबून दाबून इतका लहान केला की गाडी आणि गवत यांत फरक कळेना.

आता ते पत्र. मी फ्रीलान्स आहे. म्हणजे माझ्यावर कुणी साहेब नाही, हाच त्या शब्दाचा अर्थ. आणि हे म्हणतात, साहेबांचं पत्र आणा. संपादकाला फोन केला तर तो म्हणतो, ‘आधी पास मिळू दे, मग फोटो पाठव, बघू.’ बघू! या ‘बघू’चं लेटरहेड मिळत नाही हो. आयोजक म्हणतात आधी पत्र, संपादक म्हणतो आधी पास, आणि मी मधल्या मध्ये लेन्स पुसत बसलेय.

सुरक्षेसाठी हे सगळं करावं लागतं, असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. सुरक्षेचं मला शिकवू नका. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मानच्या रेसला गाडी गर्दीत घुसून ऐंशीच्या वर माणसं गेली. १९८६ च्या पोर्तुगालच्या मोटार रॅलीत लोक अक्षरशः रस्त्यावर उभे होते, गाडी त्यांच्यात शिरली. त्याच वर्षी पुढे कॉर्सिकाच्या रॅलीतही जीव गेले आणि ग्रुप बी या अतिवेगवान वर्गातल्या गाड्या रॅलीतून हद्दपार झाल्या. २०१३ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या चाकं बदलायला थांबतात त्या गल्लीत, सुटलेलं चाक कॅमेरामनवर आदळलं, त्यानंतर तिथला मीडियाचा वावर आवळला. आवळायलाच हवा होता. बिब, म्हणजे ट्रॅकच्या कडेला जाऊ देणारी ती जाकिटं, मोजकेच असावेत, हेही मान्य. मग विचारा ना मला, की मार्शलने, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षारक्षकाने, धोक्याचा पिवळा झेंडा दाखवला तर तू काय करशील? वळणाच्या बाहेरच्या बाजूला का उभं राहायचं नाही? गाडी सुटली तर कुठे पळशील? अख्ख्या अर्जात असा एक प्रश्न नाही. खप किती, महिन्याला वाचक किती, फॉलोअर किती, हे मात्र तीन ठिकाणी विचारलंय. फॉलोअर मोजून चाक चुकवता येतं का?

शेवटी तिकीट काढून गेले. प्रेक्षकांच्या जागेवरून फोटो काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढलेत त्यालाच कळेल. जाळी अगदी लेन्सला टेकली असेल तर लांब लेन्स आणि उघडं अॅपर्चर यांनी ती विरघळून जाते, फोटोत दिसतसुद्धा नाही. पण प्रेक्षकांना जाळीपासून चांगलं लांब ठेवतात. तिथून ती विरघळत नाही, प्रत्येक फोटोवर करड्या धुक्याचा पट्टा ओढते, आणि ऑटोफोकस गाडी सोडून तारेलाच जाऊन चिकटतो. ताशी ३०० किलोमीटरची गाडी सेकंदाला ८३ मीटर पळते. वेग दिसावा म्हणून शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणायचं, कमरेतून वळत गाडीबरोबर जायचं, आणि नेमक्या त्या क्षणी पुढच्या काकांनी मोबाईल डोक्यावर धरायचा. काकांचा दोष नाही, त्यांनीही तिकीट काढलंय. दीडशे फोटोंत एक धड निघाला.

आणि जाळीच्या पलीकडे? हेअरपिनच्या, म्हणजे एकदम उलटं फिरणाऱ्या वळणाच्या, आत, जिथे उभं राहण्यासाठी मी काहीही केलं असतं, तिथे कोरं करकरीत बिब घातलेला एक इसम. गळ्यात पास, हातात मोबाईल, आणि ट्रॅककडे पाठ करून स्वतःचाच व्हिडिओ काढतोय! ट्रॅककडे पाठ करायची नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला धडा. मार्शलने दोनदा शिट्टी मारली, तेव्हा कुठे साहेब वळले. दहा मिनिटांत पाहुण्यांच्या तंबूकडे गेले, ते परत आलेच नाहीत. ती जागा दुपारभर रिकामी. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

बरं, पास मिळाला असता तरी ताटात काय पडणार होतं? फोटो फक्त बातमीसाठी वापरायचे, ही अट. ड्रायव्हरला किंवा त्याच्या स्पॉन्सरला विकायचे नाहीत, म्हणजे खरे पैसे देणारे दोघंही बाद. बातमीवाले एजन्सीकडून ढिगाने फोटो घेतात, त्यांना माझा एक कशाला? आणि बारीक अक्षरांत आणखी एक कलम होतं: आयोजकांना हे फोटो कायमचे, फुकट वापरता येतील. मी विमा काढायचा, मी लेन्स वाहायची, आणि पोस्टर त्यांचं.

सोमवारी तो एक धड फोटो मी टाकला. संध्याकाळी त्याच आयोजकांचा मेसेज: ‘सुंदर टिपलंय! आमच्या पेजवर वापरू का? नाव नक्की देऊ.’

मी कळवलंय की विनंती लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, सहा आठवडे आधी पाठवावी. पीडीएफ, दोन एमबीच्या आत.