हिप्परग्याच्या वाफेखाली लाव्हा नाही

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ आठवड्यात तीनदा आला. सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव, हिवाळ्यातली पहाट, पाण्यावर तरंगणारी वाफ. खाली मजकूर असा: सोलापूर ज्वालामुखीवर वसलंय आणि ही वाफ खालच्या लाव्ह्याची आहे. लोणार हे त्याच ज्वालामुखीचं तोंड, कोकणातले गरम झरे त्याच्याच शिरा. तळ्याकाठच्या झऱ्यांसाठी न्यूझीलंडला लाखो रुपये कशाला घालवता? इथंच डुबकी मारा, पाणी नाकातून ओढा, सायनस कायमचा जातो. "का बे, खरंय का?" असं तिघांनी विचारलं. चौथ्याने थेट रविवारची गाडी ठरवली.

आधी वाफ. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला हे सांगायला नको. संक्रांतीच्या सुमारास पहाटे काढलेली पहिली बादली कोमट लागते, मे महिन्यात त्याच विहिरीचं पाणी गार लागतं. विहीर जवळपास तशीच असते, बदलते ती हवा. तलावाचंही तेच. रात्रीत हवा झपाट्याने गार होते, पाणी सावकाश निवतं. पाण्यावरची दमट हवा थंड हवेत मिसळली की तिचे बारीक थेंब होतात, आपण त्याला वाफ म्हणतो. ऊन वर आलं की सगळं गायब. लाव्हा काय नाष्ट्याला जातो? शिवाय हा तलाव इंग्रजी अमदानीत बांध घालून केलेला आहे, ज्वालामुखीने नव्हे.

जमीन ज्वालामुखीची, हे मात्र खरं. आपला काळा पाषाण आणि त्याचीच झिजून झालेली काळी माती, दोन्ही लाव्ह्याची. पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आला आणि मोठ्या प्रमाणात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. एकावर एक चादरी अंथराव्यात तसा पसरला आणि कधीच थंड झाला. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा साधारण 338 मीटरवर हा पाषाण संपला. त्याच्याखाली निघाला त्याहून कितीतरी जुना खडक. भट्टी नव्हे. भारतातला जिवंत ज्वालामुखी बघायचाच असेल तर अंदमानातलं बॅरन बेट आहे.

लोणारचं एका वाक्यात: ते उल्कापाताने पडलेलं विवर आहे. प्रचंड आघातानेच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडते.

कोकणातल्या झऱ्यांवर मात्र थांबायला हवं, कारण इथे भलेभले फसतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत ही ठिकाणं एका ओळीत आहेत. गणपतीपुळ्याला जाताना आपल्यापैकी कित्येकांनी संगमेश्वराजवळ तुरळला नाहीतर राजवाडीला पाय बुडवले असतील. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास जातं. मग खाली आग नाही कशी? जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण 25-30 अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांमधून दोन-तीन किलोमीटर खाली मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपकन वर येतं. बस्स. हिमाचलातल्या मणिकरणला कुंडाच्या पाण्यात भात शिजतो, तिथेही ज्वालामुखी नाही. झऱ्याच्या पाण्याला येणाऱ्या सडक्या अंड्यासारख्या वासावरही जाऊ नका, तसा वास गटारालाही येतो.

आता न्यूझीलंड. मी तारावेरा सरोवराकाठचा ट्रेक केलाय. 15 किलोमीटर चालल्यावर शेवटी गरम पाण्याचा किनारा येतो. तिथला डोंगर खराखुरा ज्वालामुखी आहे, 10 जून 1886 रोजी फुटला तेव्हा सुमारे 120 माणसं गेली. वाळू वरून अगदी साधी दिसते. मी चार बोटं खुपसली आणि चटका बसून हात मागे घेतला. दोन पावलं सरोवरात सरकलो तर पाणी बर्फासारखं. कढत आणि गार पाणी जिथे मिसळतं तेवढी पट्टी शोधून बसायचं, आणि तीही सारखी जागा बदलते. म्हणजे "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे तिथे पहिल्या मिनिटाला खोटं ठरतं.

आणि नाक. मला लिहायला बसवलं ते याच ओळीने. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. 45 अंशांच्या आसपासचं पाणीही त्याला मानवतं, म्हणजे आपल्याला अंघोळीला बरं वाटतं तेच. ते पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही. नाकातून गेलं तर अमीबा मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि ज्यांना लागण झाली त्यांच्यातले शंभरात सत्त्याण्णवहून जास्त दगावले आहेत. लागण क्वचित होते, पण केरळात अशा आजाराचे रुग्ण अलीकडेच सापडलेत. न्यूझीलंडमध्ये गरम झऱ्यांसाठी सूचना एकच असते: डोकं पाण्याखाली नेऊ नका. आणि आपला मेसेज सांगतो, नाकातून ओढा! सायनस असेल तर कानानाकाघशाच्या डॉक्टरकडे जा. नाक धुवायचंच असेल तर उकळून निववलेल्या पाण्याने धुवा.

रविवारची गाडी रद्द करू नका. पहाटेच निघा, धुकं विरायच्या आत पोहोचलात तर पट्टकदंब हंस दिसतील. दुर्बीण घ्या, स्वेटर घ्या. टॉवेल राहू द्या.